उशिरा पोचलेला गारवा

डिसेंबर २०१५च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध छापून आला. डोक्याला जबर मार लागून कवटीतला दाब वाढलेल्या रुग्णांना थंड केलं तर त्यांचं पुढे काय होतं, एवढाच त्याचा विषय. एडिंबरोचे पीटर अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. अठरा देशांतली ४७ केंद्रं, ३८७ रुग्ण. अभ्यासाचं नाव युरोथर्म ३२३५. नावातले आकडे म्हणजे रुग्णाचं शरीर ज्या मर्यादेत ठेवायचं ते तापमान, ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. कवितेचं रसग्रहण करतात तसं या निबंधाचं का करू नये, असं मला फार दिवस वाटत होतं. कारण तो वाचताना मी दर वेळी एकाच जागी अडते.

ती जागा निकालाच्या भागात आहे. दाब आवरण्यासाठी अगदी शेवटच्या टप्प्याचे उपाय, म्हणजे बार्बिच्युरेटची गाढ गुंगी किंवा कवटीचा तुकडा काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५४ टक्के रुग्णांवर करावे लागले. थंड केलेल्या गटात ४४ टक्क्यांवर. गारव्याने त्याच्याकडून अपेक्षित असलेलं काम केलं होतं. कवटीतला दाब उतरला होता. आणि लगेच पुढचा आकडा येतो: सहा महिन्यांनी बरी म्हणावी अशी अवस्था थंड न केलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांची होती, थंड केलेल्यांपैकी २६ टक्क्यांची.

पडद्यावरचा आकडा सुधारला, माणूस मात्र सुधारला नाही. या दोन ओळींच्या मधल्या जागेत जवळजवळ पाऊणशे वर्षांची एक आशा मावलेली आहे. तिचा तिथे झालेला शेवट इतक्या शांत शब्दांत लिहिलेला आहे की घाईने वाचणाऱ्याच्या तो लक्षातही येऊ नये.

गारवा मेंदू वाचवेल ही आशा किती रास्त होती ते आधी पाहायला हवं, त्याशिवाय निबंधाची उंची कळत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. डोक्याला मार बसतो तेव्हा त्या क्षणी जेवढ्या पेशी चिरडतात त्या गेल्याच, त्यांचं कुणी काही करू शकत नाही. पण खरा घात पुढच्या तासांत आणि दिवसांत होतो. दुखावलेल्या पेशी ग्लुटामेट सोडतात, त्याने शेजारच्या पेशी भडकतात, कॅल्शियम आत घुसतं, सूज चढते. हात सुजला तर कातडी ताणते. कवटीला ताणायला जागा नाही. आतला दाब वाढतो, रक्त वर चढेनासं होतं, रक्ताविना आणखी पेशी मरतात, सूज आणखी वाढते. शरीराचं तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची भूक सुमारे सहा-सात टक्क्यांनी कमी होते. मग ३७वरून ३३वर आणलं तर? भूक कमी, भडका कमी, सूज कमी, दाब कमी. एकेक पायरी प्रयोगशाळेत उंदरांवर सिद्ध झालेली. वैद्यकात इतका सुबक तर्क क्वचितच सापडतो.

मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या माणसाला तर हा तर्क समजावून सांगावाही लागत नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी खोल पाण्यात जायला लागल्या की जेट्टीवर बर्फाच्या लाद्या येतात, त्यांचा चुरा होतो आणि मासळीच्या खणात भरला जातो. बर्फ असेल तर सरंगा चार दिवसांनी बाजारात ताजा म्हणून विकला जातो, नसेल तर त्याच दिवशी संध्याकाळी तो कुणी हातात घेत नाही. थंडीने नासणं थांबतं हे इथल्या बाईला पुस्तकातून शिकायला नको. फरक एकच आहे आणि सगळी गोष्ट त्या एका फरकाची आहे: बर्फात ठेवलेली मासळी बर्फाला विरोध करत नाही. जिवंत शरीर करतं. ते कुडकुडतं आणि कुडकुडताना जास्तच प्राणवायू जाळतं, म्हणून त्याला गुंगीत ठेवावं लागतं, कधी स्नायू ढिले करण्याचं औषध द्यावं लागतं. थंडीत रक्त नीट गोठत नाही, आणि डोक्याच्या दुखापतीत तर आत रक्तस्राव असतोच. पांढऱ्या पेशी मंदावतात, न्यूमोनिया गाठतो. लघवी वाढते, पोटॅशियम पेशींत शिरतं आणि ऊब देताना पुन्हा बाहेर येतं, हृदयाची लय बिघडवतं. म्हणूनच युरोथर्ममध्ये रुग्णाला परत ऊब द्यायची ती तासाला पाव अंशाने. थंड करायचं घाईघाईने, उबदार करायचं अतिशय सावकाश.

या विचाराचा आधुनिक जनक फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातला मेंदूशल्यविशारद टेंपल फे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने कर्करोगाच्या रुग्णांना थंड करायला सुरुवात केली आणि पुढे डोक्याच्या दुखापतीकडे वळला. मग महायुद्ध आलं. दाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून मारण्याचे जे अमानुष प्रकार प्रयोगांच्या नावाखाली झाले, त्यांचा डाग या सगळ्या विषयावर पडला आणि तो पुष्कळ काळ राहिला. शतकाच्या अखेरीला विषय पुन्हा वर आला. १९९७ साली पिट्सबर्गच्या डोनाल्ड मॅरियन यांच्या गटाने ८२ रुग्णांचा अभ्यास छापला. चोवीस तास ३२-३३ अंशांवर ठेवलेल्यांपैकी काहींची अवस्था सुरुवातीच्या महिन्यांत खरोखर सरस दिसली. आता मोठा अभ्यास करायचा आणि सिद्ध करून टाकायचं, असा तो उत्साहाचा काळ होता.

मोठा अभ्यास झाला २००१ साली. गाय क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी ३९२ रुग्ण घेतले. निकाल: वाईट अवस्था दोन्ही गटांत ५७ टक्के. हुबेहूब सारखी. त्या निबंधातली मला सर्वांत बोलकी वाटणारी नोंद वेळेची आहे. इजा झाल्यापासून शरीर ३३ अंशांवर येईपर्यंत सरासरी आठ तासांहून जास्त वेळ गेला होता. वाचणारा तिथेच म्हणतो, अरे, मग उशीर झाला. आणि क्लिफ्टनही तसंच म्हणाले. त्यांनी दुसरा अभ्यास मांडला, त्यात हा वेळ साधारण साडेचार तासांवर आणला. त्याचा निकाल २०११ साली आला, तोही नकाराचा. त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या जेमी कूपर यांच्या गटाने पोलार नावाचा अभ्यास केला. त्यांनी रुग्णवाहिकेतच, अपघाताच्या जागीच शिरेतून थंड सलाइन द्यायला सुरुवात केली. इजा झाल्यापासून थंडी सुरू होईपर्यंतचा मध्यक वेळ १.८ तास. २०१८ साली ‘जामा’मध्ये निकाल आला: थंड केलेल्यांत चांगली अवस्था ४८.८ टक्के, न केलेल्यांत ४९.१.

आठ तास, साडेचार तास, मग दोन तासांच्या आत निदान सुरुवात. हे तिन्ही निबंध एकापाठोपाठ वाचले की ती एकाच पाठलागाची गोष्ट वाटते. माणसं काळाच्या मागे धावतायत, दर वेळी आणखी लवकर गाठू पाहतायत, आणि तरीही हाती काही लागत नाही. यात कुणाचा आळस नाही, कुणाची चूक नाही. पोलारमधल्या रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला, अपघाताच्या गर्दीत, संशोधनाचा लिफाफा उघडून रुग्ण कोणत्या गटात जातो ते पाहायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. स्वतःचा कल बाजूला ठेवून असं वागणं किती कठीण आहे याचा विचार केला की या कामाविषयी आदरच वाटतो.

आता युरोथर्मकडे परत. त्याची मांडणी बाकीच्यांपेक्षा वेगळी आणि माझ्या मते अधिक देखणी. इतरांनी सरसकट सगळ्यांना थंड केलं. युरोथर्मने सांगितलं, ज्याच्या कवटीतला दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर चढून पाच मिनिटं खाली येत नाही, त्यालाच थंड करायचं. आणि किती? दाब उतरेल तेवढंच. चौतीस अंशांवर भागलं तर चौतीस, नाही भागलं तर आणखी खाली, ३२पर्यंत. सुरुवात शिरेतून थंडगार सलाइनने, वजनाच्या दर किलोला २० ते ३० मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सव्वा ते पावणेदोन लिटर फ्रिजमधलं पाणी नसांतून आत. मग निदान ४८ तास तसंच ठेवायचं. प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेपुरताच गारवा मिळावा, यात एक वैद्यकीय सभ्यता आहे. टीकाकारांनी इथेच बोट ठेवलं. मॅनिटॉलसारखं साधं औषध देण्याच्या आधीच गारवा का दिला, रोजच्या व्यवहारात डॉक्टर तसं करत नाहीत, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप खरा आहे. त्यामुळे गारवा हा शेवटचा उपाय म्हणून कधीच वापरू नये, असं या निबंधावरून म्हणता येत नाही. पण आधी वापरून उपयोग नाही, इतकं नक्की म्हणता येतं.

मुळात १८०० रुग्णांचा विचार होता, पुढे तो ६०० वर आला. ऑक्टोबर २०१४मध्ये अभ्यास ३८७ वर थांबवण्यात आला. कारण गारवा मिळालेल्या रुग्णांची अवस्था अधिक वाईट दिसू लागली होती. गंभीर दुष्परिणामांच्या नोंदी थंड केलेल्या गटात ३३, दुसऱ्यात १०. अशा वेळी अभ्यास थांबवणं म्हणजे आपल्याच वर्षानुवर्षांच्या कामाला मध्येच कुलूप लावणं.

आणि चांगली अवस्था म्हणजे काय, हे त्यांनी कसं ठरवलं? ग्लासगो आउटकम स्केलची विस्तारित पट्टी, एक ते आठ. एक म्हणजे मृत्यू, आठ म्हणजे पूर्ववत. सहा महिन्यांनी प्रश्नावली जाते. घरी एकटं राहता येतं का, मदतीशिवाय बाजारहाट करता येतो का, जवळपासचा प्रवास एकट्याने करता येतो का, कामावर परत गेलात का. प्रश्न किती साधे आहेत पाहा. मढच्या माणसाला विचारायचं झालं तर असं विचारावं लागेल: जेट्टीवर एकटा उतरून वर्सोव्याच्या फेरीत चढतोस का, गर्दीत पाय घसरू न देता पलीकडे उतरतोस का, पैसे मोजून बाजार करून परत येतोस का? ज्याचं उत्तर ‘हो’ तो पाच किंवा त्याच्या वर. ज्याला सोबत लागते तो चार किंवा त्याच्या खाली. कवटीतल्या तारेने मोजलेला दाब, मॉनिटरवरची लाट, सगळं एकीकडे आणि ही फेरी एकीकडे. युरोथर्मच्या लेखकांनी मुख्य निकाल म्हणून फेरीची निवड केली, लाटेची नाही. लाट निवडली असती तर हा अभ्यास यशस्वी ठरला असता आणि आजही ठिकठिकाणच्या अतिदक्षता विभागांत डोकं फुटलेल्या माणसांना थंड केलं गेलं असतं.

आता निष्कर्षाचं वाक्य. आकडे सांगतात की थंड केलेल्यांची स्थिती वाईट होण्याकडे कल होता: तुलनेचं गुणोत्तर १.५३, आणि त्याचा विश्वासाचा पट्टा १.०२ ते २.३०. हा १.०२ पाहण्यासारखा आहे. एक म्हणजे दोन्ही गट सारखे. हा आकडा एकाच्या वर, पण केसभर. एखाद्याने याच्या जोरावर ‘गारवा घातक आहे’ असं मोठ्या टायपात छापलं असतं. लेखकांनी निष्कर्षात एवढंच म्हटलं की गारवा जोडल्याने नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरा परिणाम मिळाला नाही. आकड्यांत जेवढी ताकद होती तेवढंच बोलले, त्याच्या पलीकडे तसूभरही नाही. मला हा संयम फार भावतो. सबंध निबंधाची गोडी, तिला गोडी म्हणणं शोभत असेल तर, या एका मोजून मापून ठेवलेल्या वाक्यात आहे.

पण थंडी माणसाला वाचवते हेही खोटं नाही. मे १९९९मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. ८० मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा हृदय बंद होतं, शरीर पुढे १३.७ अंशांवर मोजलं गेलं. ती वाचली, आणि ज्या रुग्णालयाने तिला वाचवलं तिथेच पुढे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करू लागली. या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील बहुतेक सांगणारे गाळतात. बर्फाखाली तिला हवेची एक पोकळी सापडली होती आणि ती सुमारे चाळीस मिनिटं शुद्धीवर होती. म्हणजे श्वास चालू असताना, रक्त फिरत असताना मेंदू गार होत गेला, आणि हृदय त्यानंतर थांबलं. आधी गारवा, मग घाव. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारद हेच मुद्दाम करतात. रुग्णाला आधी १८ अंशांच्या आसपास आणतात आणि मग रक्ताभिसरण थांबवतात. मढशेजारच्या आक्शाच्या समुद्रात दर पावसाळ्यात माणसं बुडतात. त्यांच्या नशिबी ही सोय नाही. अरबी समुद्राचं पाणी इथे जानेवारीतही वीस अंशांच्या खाली उतरत नाही, श्वास आधी जातो.

डोक्याच्या दुखापतीत क्रम कायमच उलटा असतो. मार्वे रोडवर हेल्मेटशिवाय मोटारसायकलवरून पडलेल्या पोराच्या मेंदूला मार आधी लागतो, गारवा कितीही धावला तरी नंतरच येणार. मढहून जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा रुग्णालयात किंवा आणखी कुठे न्यायचं तर मालाडचा वळसा, वाटेतले सिग्नल, सुटीच्या दिवशीची आक्शाची गर्दी. अशा रुग्णासाठी या सगळ्या अभ्यासांतून उरतं ते साधं आहे: वाटेत रक्तदाब पडू देऊ नये, प्राणवायू कमी पडू देऊ नये, ताप चढू देऊ नये. वरचा रक्तदाब एकदा जरी ९०च्या खाली गेला तरी मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो, हे १९९०च्या दशकापासून माहीत आहे. तेहेतीस अंशांची आस सोडून सदतीसच्या वर जाऊ न देणं, हे आजचं काम.

इथपर्यंत सगळं परदेशातलं होतं. मला ज्या निबंधाकडे यायचं आहे तो आपल्या शहरातला आहे, आणि त्यातली डोकी अपघातात फुटलेली नाहीत. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळांचे ते मेंदू आहेत. गारव्याचा उपचार प्रौढांच्या दुखापतीत हरला, तरी या एका ठिकाणी तो स्पष्ट जिंकला होता. २००५ साली सीता शंकरन यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व थंड केलेल्या बाळांत ४४ टक्के होतं, न केलेल्यांत ६२. नंतर ब्रिटनमधल्या अभ्यासाचा कलही त्याच बाजूचा होता, आणि श्रीमंत देशांत ७२ तास ३३.५ अंश हा नियमच झाला. भारतातही तो पसरला. यंत्र महाग म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहकार्याने मिराक्रेडल नावाचा स्वस्त पाळणा बनला. कुठे गोठवलेल्या जेलच्या पिशव्या वापरल्या जाऊ लागल्या. पण इथल्या बाळांवर त्याचा उपयोग होतो का, हे कुणी मोठ्या अभ्यासात विचारलंच नव्हतं.

ते विचारलं हेलिक्स अभ्यासाने. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल त्याचे प्रमुख. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालयं, त्यात आपलं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, ज्याला सगळी मुंबई सायन हॉस्पिटल म्हणते. १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली ती याच रुग्णालयात, आशियातली पहिली. लेखकांच्या यादीत त्याच रुग्णालयातल्या नवजात विभागाच्या डॉ. जयश्री मोंडकर यांचं नाव आहे. ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात ४०८ बाळं घेतली. निकाल २०२१मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला.

या निबंधात मला पहिली दाद द्यावीशी वाटते ती पात्रतेच्या अटीला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पाचव्या मिनिटाचे अपगार गुण, म्हणजे त्याच्या अवस्थेची मोजणी, असतात. घरी जन्मलेल्याला कोण देणार? तिथे अट अशी: पाच मिनिटं उलटूनही न रडलेलं बाळ. ही गोष्ट सुईणीला सांगता येते, आजीला सांगता येते, खोलीबाहेर कान लावून बसलेल्या बापाला सांगता येते. जगातल्या उत्तम वैद्यकीय नियतकालिकात छापायच्या अभ्यासाने घरातल्या साक्षीला पुरावा म्हणून जागा दिली. आणि वेळ किती? जन्मापासून सहा तास. त्यात दूरच्या दवाखान्यातून बाळ आणायचं, तपासायचं, आईबापांना समजावून त्यांची संमती घ्यायची आणि थंड गादीवर ठेवायचं.

दुसरी दाद शेवटच्या तक्त्याला. ४०८ बाळांपैकी अठरा महिन्यांनंतरचा मुख्य निकाल ३९४ बाळांचा हाती आहे. फक्त चौदा सुटली. वस्त्या बदलणारी कुटुंबं, गावी बाळंतपणाला गेलेल्या आया, बंद पडलेले मोबाइल नंबर, हे सगळं मुंबईत, चेन्नईत, ढाक्यात काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. दीड वर्षाच्या त्या मुलांना कुणीतरी शोधून काढलं, बोलावलं, खेळवत तपासलं. निबंधात याविषयी एक अलंकारिक शब्द नाही. पण ३९४ हा आकडा वाचून मी पान उलटायचं विसरले होते.

आणि निकाल. मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व: थंड केलेल्यांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७. फरक नाहीच. पुढच्या ओळीत नुसते मृत्यू: थंड केलेल्या १९८ पैकी ८४ बाळं, न केलेल्या २०१ पैकी ६३. बेचाळीस टक्के आणि एकतीस टक्के. युरोथर्मच्या लेखकांनी जिथे आवाज खाली ठेवला, तिथे हेलिक्सने तो चढवला. त्यांचा निष्कर्ष असा की गारव्याने मृत्यू वाढले, म्हणून कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा उपचार करू नये, उच्च दर्जाचा नवजात अतिदक्षता विभाग उपलब्ध असला तरीही करू नये. हे शेवटचं ‘असला तरीही’ सगळ्यांत अवघड. आपल्याकडे साधनं कमी म्हणून असं झालं, हे नेहमीचं आणि सोयीचं स्पष्टीकरण त्यांनी आधीच दाराबाहेर काढलं.

पुष्कळ भारतीय नवजातशिशुतज्ज्ञांना हे पटलं नाही. आमच्या विभागात परिणाम चांगले येतात, उपचार बंद कसा करायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या अनुभवाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. पण थंड केलेलं बाळ जगलं म्हणजे थंडीने जगलं असं होत नाही. याच अभ्यासात थंडी न मिळालेली १३८ बाळं जगली आहेत. शेजारी तुलनेचा गट ठेवल्याशिवाय डॉक्टरच्या आठवणीला हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत, कितीही निष्णात डॉक्टर असला तरी. माझा कौल हेलिक्सच्या बाजूने आहे.

असं का झालं याचा शोध घेताना निबंध एमआरआयकडे नेतो, आणि तिथे क्रमाचा मुद्दा पुन्हा भेटतो. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत अशा बाळांची इजा पुष्कळदा मेंदूच्या खोल गाभ्यात दिसते. जन्माच्या वेळी अचानक, पूर्णपणे प्राणवायू तुटल्याची ती खूण. हेलिक्सच्या बाळांत पांढऱ्या भागातली इजा जास्त होती. संशोधकांनी त्याचा लावलेला अर्थ असा की इथल्या पुष्कळ बाळांना घाव एका क्षणी बसलेला नाही. लांबलेल्या कळांमध्ये, तासन् तास, थोडाथोडा प्राणवायू कमी पडत आलेला असावा. सहा तासांचं घड्याळ जन्मापासून सुरू होतं. घाव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला. पोलारची रुग्णवाहिका दोन तासांच्या आत पोचली तरी उशीर झाला होता, आणि सायनच्या थंड गादीवर सहा तासांच्या आत ठेवलेल्या बाळालाही कदाचित उशीरच झालेला होता.

म्हणून या निबंधातला मला सर्वांत जड वाटणारा आकडा ८४ नाही, ६३ आहे. ज्यांना गारवा दिलाच नाही, ज्यांना मोठ्या रुग्णालयातली बाकी सगळी काळजी मिळाली, त्या २०१ बाळांपैकी ६३ गेली. त्या आकड्याला गारव्याविषयी काही सांगायचं नाही. तो कळांच्या खोलीविषयी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की कळा नीट सुरू झाल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकावेत, आणि आई जोर करायला लागली की दर पाच मिनिटांनी. ठोके मंदावत गेलेले वेळेवर कळले तर सिझेरियन करता येतं, बाळ बाहेर काढता येतं. त्यासाठी हातात धरायचं एक छोटं डॉपलर लागतं, आणि ते दर पाच मिनिटांनी त्याच पोटावर टेकवायला मोकळी असलेली एक परिचारिका.